काळाच्या खात्यावर जमा झालेलं श्रेय

मार्च १९९१ च्या शेवटच्या आठवड्यात 'स्पायडरलँड' हा अल्बम अमेरिकेतल्या दुकानांत पोचला, तेव्हा तो करणारा 'स्लिंट' हा बँड मोडूनही गेला होता. केंटकी राज्यातल्या लुइव्हिल शहरातली ही चार मुलं, वयं विशीच्या आगेमागे. ब्रायन मॅकमॅहन आणि डेव्हिड पेजो गिटारवर, टॉड ब्रॅशियर बास गिटारवर, ब्रिट वॉलफर्ड ड्रम्सवर. वॉलफर्डच्या आईवडिलांच्या घराच्या तळघरात त्यांनी तालमी केल्या, ऑगस्ट १९९० मध्ये शिकागोला जाऊन चार दिवसांत सहा गाणी ध्वनिमुद्रित केली आणि अल्बम बाजारात येण्याआधीच मॅकमॅहन बाहेर पडला. युरोपचा ठरलेला दौरा बारगळला. त्यामुळे अल्बम आला तेव्हा त्याच्यामागे मुलाखती नव्हत्या, मैफली नव्हत्या, टीव्हीवर दाखवायला व्हिडिओ नव्हता. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात 'निर्वाणा' या बँडचा 'नेव्हरमाइंड' आला आणि सगळ्यांचे कान तिकडे वळले. आज मात्र नव्वदच्या दशकातल्या महत्त्वाच्या रॉक अल्बमांची कुठलीही गंभीर यादी 'स्पायडरलँड'ला वगळून पुरी होत नाही. या प्रवासाची कहाणी सांगताना एक ठरलेलं वाक्य हटकून येतं: जगाला तेव्हा कळलं नाही, पण काळाने न्याय केला. माझा आक्षेप या वाक्याच्या उत्तरार्धाला आहे. स्लिंटच्या बाबतीत काळाने काहीही केलेलं नाही. जे केलं ते मोजक्या माणसांनी, आणि त्यातल्या बऱ्याच जणांची नावं, तारखा आणि कृती आपल्याला ठाऊक आहेत.

आधी अल्बमविषयी. सहा गाणी मिळून जेमतेम चाळीस मिनिटं. रॉक म्हटल्यावर ज्या गोष्टींची अपेक्षा असते, म्हणजे ध्रुपद, गळ्यातली ऐट, लांबलचक गिटार सोलो, त्यातलं इथे जवळपास काही नाही. मॅकमॅहन गातो कमी आणि बोलतो जास्त, तेही शेजारच्या खोलीतून यावं इतक्या खालच्या आवाजात. पहिल्या गाण्यात जत्रेत गेलेला एक माणूस ज्योतिष सांगणाऱ्या बाईला भेटतो, एवढंच घडतं. दुसऱ्याचं मूळ मुर्नावच्या १९२२ च्या 'नोसफेराटू' या मूकपटात आहे. 'डॉन, अमन'मध्ये ड्रम्स नाहीतच. दोन गिटारी आणि वॉलफर्डचा कुजबुजता आवाज, पार्टीच्या गर्दीत एकटा पडलेला एक माणूस, आणि मध्येच गिटारचा असा एक कर्कश झोत की ऐकणारा दचकावा. पहिली दोन गाणी सात आणि पाच मात्रांच्या आवर्तनांत फिरतात. रूपक ताल अंगवळणी पडलेल्या आपल्या कानाला त्यात मोठं नवल वाटणार नाही, पण चार मात्रांच्या ठेक्यावर पोसलेल्या अमेरिकी रॉकला ते आडवळणच होतं. सगळ्यात विलक्षण आहे ते शेवटचं 'गुड मॉर्निंग, कॅप्टन'. जहाज फुटल्यावर वाचलेला कप्तान एका दाराशी येतो. कोलरिजच्या म्हाताऱ्या खलाशाच्या दीर्घकवितेची आठवण इथे अनेकांना होते. बासचा एकच तुकडा सात मिनिटं सावकाश फिरत राहतो, आवाज दबलेलाच राहतो, आणि अगदी शेवटी मॅकमॅहन किंचाळतो. तो आवाज पहिल्यांदा ऐकताना अंगावर येतो. हे संगीत अवघड नाही, पण ते ऐकणाऱ्याच्या मागे धावत नाही. आपण शांत बसून त्याच्याकडे जावं लागतं, आणि त्यासाठी मुळात कुणीतरी 'जा' असं सांगावं लागतं.

तसं सांगणारा माणूस होता स्टीव्ह अल्बिनी. शिकागोचा संगीतकार आणि ध्वनिमुद्रक. पुढे १९९३ मध्ये निर्वाणाचा 'इन युटेरो' त्यानेच ध्वनिमुद्रित केला. लंडनच्या 'मेलडी मेकर' या साप्ताहिकात त्याने 'स्पायडरलँड'चं परीक्षण लिहिलं आणि दहा तारे दिले, वर एक शिवीही जोडली. ती शिवी आणि ते तारे हेच नेहमी उद्धृत होतं, हे त्या परीक्षणाचं दुर्दैव. खरं मोल त्यातल्या वर्णनाला आहे. ध्वनिमुद्रण इतकं कोरडं आणि उघडं आहे की आपण चोरून कुणाचं तरी ऐकतोय असं वाटतं. दोन्ही गिटारी ऐकणाऱ्याच्या नाकासमोर तरंगतात. ड्रम्सचा दणका तुमच्या दिवाणखान्यात वाजवावा तसा बसतो. अशा नेमक्या निरीक्षणांनी त्याने तो अल्बम न ऐकलेल्या माणसापुढे उभा केला. मग शेवटी एक भाकीत: दहा वर्षांत हा मैलाचा दगड ठरेल, तेव्हा प्रत मिळवायला तुमची धावपळ होईल, म्हणून आत्ताच घ्या. अमेरिकेत याच सुमारास फारशी दखल कुणी घेतली नाही. न्यूयॉर्कचे ज्येष्ठ समीक्षक रॉबर्ट क्रिस्टगाऊ यांना तर तो रुचलाच नाही. कलेचा आव आहे पण तो निभावण्याचं धाडस नाही, अशा अर्थाचा त्यांचा शेरा आहे. मला तो शेरा चुकीचा वाटतो, पण दुर्लक्षापेक्षा तो शंभरपट बरा, कारण तो ऐकून दिलेला आहे.

अल्बिनीचं भाकीत अर्धं खरं ठरलं आणि अर्धं खोटं, आणि या लेखातला माझा मुख्य पुरावा त्या खोट्या ठरलेल्या अर्ध्या भागात आहे. दहा वर्षांनी अल्बम मैलाचा दगड झाला खरा, पण प्रत मिळवण्यासाठी कुणालाच धावपळ करावी लागली नाही. ती दुकानात मिळत होती. ज्या साप्ताहिकात हे परीक्षण छापलं गेलं ते 'मेलडी मेकर' मात्र डिसेंबर २००० मध्ये, म्हणजे भाकिताची मुदत संपायच्या आतच, बंद पडलं. अल्बम बाजारात का टिकला? कारण 'टच अँड गो' या शिकागोच्या छोट्या कंपनीने तो बाजारातून हटवला नाही. ही कंपनी मुळात एका फॅनझीनमधून, म्हणजे हौशी मंडळींनी स्वतः छापून वाटलेल्या नियतकालिकातून, जन्मली. १९७९ मध्ये मिशिगन राज्यात सुरू झालेल्या त्या फॅनझीनचं नाव तिने पुढे चालवलं. साठच्या दशकातली मराठी अनियतकालिकं ज्यांना माहीत आहेत त्यांना त्या उद्योगाची जातकुळी लगेच कळेल. कोरी रस्क यांनी ती कंपनी वर्षानुवर्षं एकाच पद्धतीने चालवली: करार तोंडी, खर्च वजा जाता राहिलेल्या नफ्याची कंपनी आणि कलावंत यांच्यात निम्मी-निम्मी वाटणी. मोठ्या कंपन्यांत कलावंताला आगाऊ रक्कम मिळते, ती वसूल होईपर्यंत पुढे हातात काही पडत नाही, आणि रेकॉर्ड खपली नाही की ती यादीतून काढून टाकली जाते. इथे तसं दडपण नव्हतं. मोडलेल्या बँडची रेकॉर्ड दरवर्षी थोडी खपत राहिली तरी दोघांचाही त्यात फायदा होता. १९९४ मध्ये याच कंपनीने स्लिंटची आधी ध्वनिमुद्रित करून ठेवलेली दोन गाणी वेगळी प्रसिद्ध केली, तेही बँड मोडून तीन वर्षं उलटल्यावर. ज्याच्याकडून नवं काहीच मिळणार नाही अशा बँडवर पैसे लावण्याला व्यापाराच्या पुस्तकात काय म्हणतात ठाऊक नाही.

रेकॉर्ड हाताशी होती म्हणून पुढच्या गोष्टी घडू शकल्या. १९९५ मध्ये लॅरी क्लार्कचा 'किड्स' हा चित्रपट आला. न्यूयॉर्कच्या पोरांवरचा, तेव्हा फार वादग्रस्त ठरलेला. त्याच्या संगीताचं काम पाहणाऱ्या लू बार्लोने 'गुड मॉर्निंग, कॅप्टन' त्या साउंडट्रॅकमध्ये घेतलं. त्याच साउंडट्रॅकमधलं बार्लोच्या स्वतःच्या बँडचं गाणं अमेरिकेच्या लोकप्रिय चाळीस गाण्यांत गेलं, आणि ते ऐकायला कॅसेट-सीडी घेणाऱ्या हजारो मुलांच्या कानांवर न मागता स्लिंट पडला. दुसरीकडे, १९९४ मध्ये ब्रिटिश समीक्षक सायमन रेनॉल्ड्सने रॉकची वाद्यं घेऊन रॉकबाहेरचं काही करू पाहणाऱ्या नव्या संगीताला 'पोस्ट-रॉक' हे नाव दिलं. हे नाव बऱ्याच वादकांना आवडलं नाही, ती गोष्ट निराळी. पण एका नावाखाली काही बँड एकत्र वाचले जाऊ लागले, की त्यांच्या आधी कोण होतं याचा शोध सुरू होतो, आणि तो शोध 'स्पायडरलँड'पाशी येऊन पोचत असे. पेजो शिकागोच्या 'टॉर्टॉइज'मध्ये वाजवू लागला, मॅकमॅहनने 'द फॉर कार्नेशन' काढला. स्कॉटलंडच्या 'मोग्वाय'सारख्या बँडने तो हळू-मोठ्या आवाजाचा खेळ उचलून पुढे नेला. मग २००५ मध्ये बँड पुन्हा एकत्र आला, त्याच्यावर पुस्तक निघालं, २०१४ मध्ये मोठ्या पेटीतली नवी आवृत्ती आली आणि 'पिचफोर्क'ने तिला दहापैकी दहा गुण दिले. या साखळीतली प्रत्येक कडी कुणीतरी, कुठेतरी, ठरवून जोडलेली आहे.

उलट उदाहरण 'बिग स्टार'चं. मेम्फिसच्या या बँडचा पहिला अल्बम १९७२ चा. समीक्षकांनी त्याची तोंडभरून स्तुती केली. १९७३ मध्ये मेम्फिसला रॉक-लेखकांचा जो मेळावा भरला तिथे हा बँड वाजला आणि लेखक नाचले. म्हणजे परीक्षणांच्या बाबतीत स्लिंटपेक्षा त्याचं नशीब कितीतरी जोरावर. पण त्याच्या रेकॉर्ड बाजारात पोचवणाऱ्या स्टॅक्स कंपनीची वितरणव्यवस्था कोलमडलेली होती, आणि परीक्षण वाचून दुकानात गेलेल्या माणसाला रेकॉर्डच मिळत नव्हती. बँड काही वर्षांत विरून गेला. १९७८ मध्ये इंग्लंडमध्ये त्याचे पहिले दोन अल्बम एकत्र पुन्हा निघाले आणि मग कुठे पुढच्या पिढीच्या वादकांनी ते ऐकले. ते पुन्हा काढावेसे वाटले याचं श्रेय त्या जुन्या परीक्षणांना आहे, पण मधली वर्षं वाया गेली ती गेलीच. लिहिणारा आहे पण माल नाही, ही ती स्थिती. स्लिंटपाशी दोन्ही होतं, तुटपुंजं का होईना. दोन्ही नसलेल्यांची उदाहरणं देता येत नाहीत, कारण त्यांची नावंच आपल्यापर्यंत आलेली नाहीत.

इथे पहिला आक्षेप येतो तो अल्बिनीवर. तो कसला तटस्थ समीक्षक? स्लिंटचा पहिला अल्बम 'ट्वीझ' १९८७ मध्ये त्यानेच ध्वनिमुद्रित केला होता. त्याच्या 'बिग ब्लॅक' या बँडची रेकॉर्ड 'टच अँड गो'नेच काढली होती. ओळखीपाळखीतल्या पोरांना त्याने दहा तारे वाटले, एवढंच. आक्षेप फुटकळ नाही, आणि आजच्या कुठल्याही संपादकाने अशा लेखकाला आधी हा संबंध उघड करायला सांगावा. पण या खास प्रकरणात एक गोष्ट नजरेआड करू नये. 'ट्वीझ'मधल्या अल्बिनीच्या कामावर नाराज होऊन तेव्हाचा बास वादक ईथन बकलर बँड सोडून गेला होता, आणि 'स्पायडरलँड'साठी बँड अल्बिनीकडे न जाता ब्रायन पॉलसन या दुसऱ्या ध्वनिमुद्रकाकडे गेला. ज्याला डावललं गेलं तोच माणूस छापील पानावर सांगतो, की स्वतः केलेल्या अल्बमपेक्षा हा दुसऱ्याने केलेला अल्बम फार वरचा आहे, आणि त्यातल्या ध्वनिमुद्रणाचंच सगळ्यात जास्त कौतुक करतो. याला वशिलेबाजी म्हणणं जड जातं. शिवाय भूमिगत म्हणावं इतक्या लहान वर्तुळात पूर्ण अनोळखी आणि तरीही जाणकार असा समीक्षक मिळणं कठीणच असतं. तिथे तटस्थतेपेक्षा मी हे पाहीन, की लिहिणाऱ्याने दिलेली कारणं वाचकाला स्वतः रेकॉर्ड लावून तपासता येतात का. नाकासमोर तरंगणाऱ्या गिटारी कुणालाही तपासता येतात.

दुसरा आक्षेप जास्त चतुर आहे. स्लिंटला मोठं केलं ते ना समीक्षेने ना कंपनीने, तर गूढाने, असं काही जण म्हणतात. मुखपृष्ठावर काळ्या-पांढऱ्या छायाचित्रात खाणीतल्या पाण्यातून वर आलेली चार डोकी, मागे गायिका हवी असल्याची सूचना, बँड गायब, आणि मग अफवा: हे ध्वनिमुद्रण करताना म्हणे मुलांना वेड लागलं, दवाखान्यात ठेवावं लागलं. या आक्षेपात तथ्य आहे. मुलाखत न देणारा बँड वाचकाच्या कल्पनेला मोकळं रान देतो, आणि नव्वदच्या दशकात या अफवांवर बरेच रकाने भरले गेले. पण गूढ कुणालाही एकदाच दुकानापर्यंत नेतं. दुसऱ्यांदा रेकॉर्ड लावायला लावतं ते आतलं संगीत. आणि माझ्या मते त्या आख्यायिकेने अल्बमचं नुकसानच जास्त केलं, कारण वेडाची गोष्ट एकदा चिकटली की कसब दिसेनासं होतं. लान्स बँग्जने २०१४ मध्ये केलेल्या माहितीपटात दिसतात ती तळघरात थट्टामस्करी करणारी, एकेक जागा पुन्हापुन्हा घोटणारी पोरं. मुखपृष्ठाचं ते गूढ छायाचित्र काढलं होतं मित्रमंडळातल्या विल ओल्डहॅमने, जो पुढे 'बॉनी प्रिन्स बिली' या नावाने स्वतः नामवंत गायक झाला. मुलं पोहायला गेली होती, आणि हसत होती.

तिसरा आक्षेप आजचा आहे, आणि त्याचं उत्तर देणं मला सर्वांत निकडीचं वाटतं. रेकॉर्ड बाजारात टिकवण्याची गरजच आता संपली, असं म्हणतात. सगळं संगीत सगळ्यांच्या फोनवर आहे, कायमचं. मग कंपनी कशाला आणि समीक्षक कशाला, ज्याला हवं तो शोधून ऐकेल. मालाचा प्रश्न बराचसा सुटला, हे मान्य. 'टच अँड गो'नेही २००९ मध्ये नवे अल्बम काढणं आणि इतरांचं वितरण करणं थांबवलं, तरी 'स्पायडरलँड' कुठे गेला नाही. पण जो प्रश्न सुटला तो दोनांतला सोपा होता. स्पॉटिफायवर एखादं गाणं तीस सेकंद वाजलं की ते ऐकलं गेल्याची नोंद होते, म्हणजे करणाऱ्याला पहिल्या तीस सेकंदांत ऐकणारा पकडून ठेवण्याचा मोह होणारच. 'डॉन, अमन' तीस सेकंदांत अजून घसाही खाकरत नाही. २०२४ पासून त्याच कंपनीने वर्षभरात हजाराहून कमी वेळा वाजलेल्या गाण्याला मोबदला देणं बंद केलं. आणि यंत्र जे सुचवतं ते बहुतांशी आधी इतरांनी काय ऐकलं यावरून. ज्याला अजून कुणीच ऐकलेलं नाही, त्याच्याविषयी यंत्रापाशी सांगण्यासारखं काहीच नसतं. नेमकी तिथेच पदरमोड करून, स्वतःच्या नावाने, 'हे ऐका' म्हणणाऱ्या माणसाची गरज पडते. आणि तो माणूस वेगाने कमी होतो आहे. 'पिचफोर्क'सारखं प्रभावी व्यासपीठ जानेवारी २०२४ मध्ये त्याच्या मालक कंपनीने पुरुषांच्या फॅशनच्या 'जीक्यू' मासिकात विलीन केलं आणि अनेकांना घरी बसवलं. साठा अमर्याद, आणि तो चाळून सांगणारे हात रिकामे, असं हे उलटं चित्र आहे.

कुणी म्हणेल, चाळायला ऐकणारे आहेत की, लाखोंनी. आहेत, आणि त्यांची तोंडी शिफारस कुठल्याही परीक्षणाहून जास्त काम करते. स्लिंटच्याही बाबतीत एका वादकाने दुसऱ्याला कॅसेट भरून देण्याचा वाटा मोठा होता. पण तोंडी शिफारस मागे काही ठेवत नाही. १९९१ मध्ये ज्यांनी हा अल्बम मित्राला ऐकवला त्यांचं म्हणणं आज कुणालाच वाचता येत नाही, अल्बिनीचं आणि क्रिस्टगाऊंचं वाचता येतं. दोघांत पटत नाही, म्हणून तर ते दोन्ही वाचल्यावर ऐकणाऱ्याला स्वतःचं मत करायला जागा मिळते.

मराठी वृत्तपत्रांत संगीतावर लिहिलं जातं ते बहुतेक वेळा पुरस्कार, जयंती किंवा श्रद्धांजली या निमित्तांनी. म्हणजे निकाल लागून गेल्यावर. चित्रपटाचं परीक्षण शुक्रवारी-शनिवारी न चुकता येतं, कारण तिकीटबारीला ते हवं असतं. पण मुंबईत, पुण्यात, पणजीत किंवा नागपुरात एखादा बँड स्वतःच्या पैशाने मराठी गाण्यांचा अल्बम काढतो, तेव्हा तो ऐकून, आवडला तर का आणि नाही तर का, हे नाव घालून लिहिण्याचा रिवाज आपण पाडलेला नाही. संपादकांचं म्हणणं असतं की अनोळखी कलावंतावर वाचक वाचत नाहीत. नसतील. मेलडी मेकरच्या बहुतांश वाचकांनीही मार्च १९९१ मध्ये स्लिंटचं नाव ऐकलेलं नव्हतं, आणि त्यातल्या फार थोड्यांनी ती रेकॉर्ड विकत घेतली असेल. त्या आठवड्याच्या हिशेबात ती जागा वायाच गेली म्हणायची. रविवारच्या पुरवणीत महिन्यातून एकदा दोनशे-अडीचशे शब्दांची तशी जागा वाया घालवायला कुठल्याच दैनिकाला फार खर्च येणार नाही, फक्त तिथे लिहिणाऱ्याला अल्बम शेवटपर्यंत ऐकण्याइतका वेळ आणि त्या वेळाचे पैसे द्यावे लागतील.